ऑनर्सला जाऊ का, सर?

कुणी विद्यार्थ्याला हुशार म्हटलेलं कलशेट्टी सरांना आवडायचं नाही. पालक मोठ्या कौतुकानं सांगायचे, "सर, आमची मुलगी फार हुशार आहे." सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "ते मार्कलिस्टात दिसतंय की. दुसरं काय करती ती?" पालक गोंधळायचे. मुलगी काहीतरी पुटपुटायची, आणि सर खुर्ची फिरवून तिच्याकडे तोंड करून बसायचे. त्यानंतर पालक तिथं आहेत की नाहीत याच्याशी त्यांना काही घेणं नसे.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे आणि त्यातली अठरा वर्षं सर माझ्यासमोर, रीडिंग रूममधल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसलेले मी पाहिले आहेत. ते गणित शिकवत. बुटके, रुंद खांद्यांचे, अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून आलेले. घरात कन्नड, वर्गात मराठी. आकडेमोड करताना मात्र ओठांत 'ओंदु, यरडु, मूरु' चालायचं. फळ्यावरची सिद्धता पुरी झाली की खडू ठेवून म्हणायचे, "आय्तु." झालं, एवढाच त्याचा अर्थ. पण पहिल्या वर्षाच्या पोरांना तो गणितातलाच शब्द वाटायचा. एकानं तर परीक्षेच्या पेपरात उत्तराखाली 'आय्तु' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सरांनी त्याला त्याचा एक मार्क दिला आणि तो पेपर मला दाखवायला घेऊन आले.

ग्रंथालयात खायला बंदी आहे. सर तिथंच खायचे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वाटीभर दही. भाकरी मोडली की रीडिंग रूममधल्या सगळ्या माना वर व्हायच्या. मी डोळे वटारले की म्हणायचे, "माने मॅडम, आवाज भाकरी करती. मी गप्पच हाय की." आणि एक तुकडा माझ्या रजिस्टरवर ठेवून जायचे.

चार वाजता तास संपले की त्या टेबलाशी माणसं यायला लागायची. हे काम सरांना कुणी दिलेलं नव्हतं. नवीन अभ्यासक्रम आल्यापासून तर घराघरांत एकच घोळ होता. साधी तीन वर्षांची पदवी घ्यावी, की चौथं वर्ष जोडून ऑनर्स करावा, की मुलगा हुशारच आहे तर त्याला बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात पहिल्यापासून ऑनर्सलाच घालावा? ऑनर्स म्हणजे नेमकं काय हे फारसं कुणाला ठाऊक नसायचं. नावात मान होता, तेवढ्यावर लोक भाळायचे.

एकदा वेळापूरचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या फाइलीत मार्कलिस्ट.

"सर, पोरगं लई हुश्शार हाय. तालुक्यात नाव हाय त्येचं. ऑनर्सलाच घालायचं म्हंतोय."

सरांनी फाइल उघडली नाही. पोराला विचारलं, "सुट्टीत काय करतोस?"

"काय न्हाय सर."

"काहीच न्हाई? दिवसभर झोपतोस?"

पोरानं बापाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "विहिरीवरची मोटर खोलतो. आसपासच्या लोकांच्या पण आणून देतात. वायंडिंग जळलं की नवीन भरतो."

पुढची वीस मिनिटं ते पोरगं बोलत होतं. सरांनी त्याला कागद दिला, त्यावर त्यानं मोटर काढली, आतली गुंडाळी काढली, कुठं का जळतं ते दाखवलं. शेवटी सर वडिलांना म्हणाले, "ह्याला ऑनर्सला घालू नका. पुस्तकं घेऊन चार वर्षं एका खोलीत बसणं ह्याच्या अंगाला लागणार न्हाई. इंजिनिअरिंगला घाला, जिथं वर्कशॉप चांगलं असंल तिथं."

गृहस्थांचा चेहरा पडला. "म्हंजी आमचं पोरगं ऑनर्सच्या लायकीचं न्हाय, आसंच की न्हाय?"

"लायकीचं इचारता व्हय?" सरसुद्धा त्यांच्यासारखंच बोलायला लागले. "ऑनर्स त्येच्या लायकीचा न्हाय, आसं समजा की."

ते रागानंच गेले. दोन वर्षांनी डाळिंबाची पेटी घेऊन आले, तेव्हा सर तासावर होते. पेटी माझ्याकडं ठेवली आणि म्हणाले, "सरास्नी सांगा, पोरगं झ्याक हाय."

सरांनी हे असं मोफत सल्ल्याचं दुकान का मांडलंय, याची स्टाफरूममध्ये चेष्टा व्हायची. मलाही बरीच वर्षं कारण ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसायचं की ते महिन्यातून एकदा पिशवीतून विजेचा बल्ब आणतात आणि विचारतात, "मॅडम, ग्रंथालयाला बल्ब पाहिजे का?" मी घ्यायची. पुढं पुढं कपाटात ठेवायला जागा उरली नाही. हे नवे बल्ब वर्षानुवर्षं जात नाहीत. एका माणसाच्या घरात एवढे बल्ब कशाला लागतात, हे कोडं मला पडायचं.

एका शनिवारी मी सात रस्ता चौकात काही खरेदीला गेले असताना ते सुटलं. मागच्या गल्लीत विजेच्या सामानाचं एक दुकान आहे. सर काउंटरपाशी उभे होते. पलीकडं तिशीतला एक माणूस, दाढी वाढलेली. त्यानं मान खाली घालूनच बल्ब होल्डरला लावून, पेटवून दाखवला, खोक्यात घातला, पुढं सरकवला. सर क्षणभर थांबले. त्यानं वर पाहिलं नाही. सर दुकानाची पायरी उतरले आणि मी समोर दिसले.

आम्ही सात रस्त्यापर्यंत बरोबर चालत गेलो. सरांनीच सांगायला सुरुवात केली. तो निखिल. सरांच्या हाताखालून गेलेला सगळ्यात चांगला विद्यार्थी. बारावीनंतर सरांनी स्वतः त्याचा ऑनर्सचा फॉर्म भरला होता, स्वतः त्याला पुण्याला सोडून आले होते. इथं तो पहिलीपासून पहिला. तिथल्या वर्गात चाळीसच्या चाळीस पोरं आपापल्या गावची पहिली. पहिल्या सत्रात त्याचा नंबर शेवटच्या दहांत आला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सर दर रविवारी फोन करायचे. तो म्हणायचा, "छान चाललंय सर." सर स्टाफरूममध्ये येऊन सांगायचे, पोराचं छान चाललंय. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर हॉस्टेलमधून त्याच्या वडिलांना फोन आला. पोरगा तीन महिने वर्गातच गेला नव्हता. खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असायचा, जेवायलाही उठायचा नाही. वडील जाऊन घेऊन आले.

"मी त्यांच्या घरी गेलो," सर म्हणाले. "तो आतल्या खोलीत होता. बाहेर आला न्हाई. त्याची आई दारात उभी राहून म्हणाली, सर, आम्ही अडाणी. छान म्हणाला की आम्हाला छानच वाटणार. तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं की."

सिग्नल सुटला, गाड्या गेल्या, पुन्हा सिग्नल लागला. आम्ही तिथंच उभे.

"खरं बोलल्या त्या. त्याला गणित किती येतंय तेवढंच मी बघितलं. गणित आलं न्हाई तर हे पोरगं काय करंल, ते कधी बघितलंच न्हाई. कारण आमच्याकडं त्याला न येण्यासारखं काही नव्हतंच."

तेव्हापासून सरांनी एक रीत धरली होती. कुणी हुशार पोरगं ऑनर्सचं विचारायला आलं की त्याला एकच प्रश्न द्यायचे, सहजासहजी सुटणार नाही असा, आणि आठ दिवसांनी वही घेऊन यायला सांगायचे. काही जण इंटरनेटवरून उत्तर उतरवून आणायचे. काही येतच नसत. जे येत, त्यांची वही सर पान न् पान वाचायचे, आणि तीही उलटी. बरोबर आलेलं सोडून द्यायचे, काट मारलेल्या ओळींवर बोट ठेवून अक्षर लावत बसायचे. "खोडलेलं वाचावं मॅडम," मला म्हणायचे. "बरोबर आलेलं सगळ्यांचं सारखंच असतंय." मग कुणाला जा म्हणायचे, कुणाला इथंच राहा, कुणाला आधी वर्षभर थांब. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघे.

लावण्या मेरगू आमच्याकडं पहिल्या वर्षाला होती. कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहायची. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू. पुस्तक घेताना ती उभ्या उभ्याच पहिली चार पानं वाचून टाकायची, आणि मागची रांग खोळंबली की जीभ चावून बाजूला व्हायची. हैदराबादच्या एका विद्यापीठाची प्रवेश परीक्षा तिनं कुणाला न सांगता दिली. चार वर्षांच्या ऑनर्सला तिची निवड झाली, शिष्यवृत्तीही मिळाली. आठ-दहा दिवसांत होय-नाही कळवायचं होतं. ती सरांकडं आली.

"सर, ऑनर्सला जाऊ का?"

सरांनी तिला प्रश्न दिला.

आठव्या दिवशी सकाळी ती माझ्या काउंटरवर आली. पुस्तक परत करायला उशीर झाला होता. म्हणाली, "मॅडम, आई दवाखान्यात होती. चार दिवस मी तिथंच होते. राहून गेलं." मी म्हटलं, असू दे. दुपारी चारला ती सरांच्या टेबलाशी गेली आणि वही पुढं ठेवली.

"सुटलं?" सरांनी विचारलं.

"नाही सर," ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली. आवाज न करता, पण खांदे गदगदून. आठवडाभराचं साठलेलं असणार.

सरांचा हात वहीवर होता. तो तसाच राहिला. मी त्यांचा चेहरा पाहिला. समोरच्या पोरीकडं पाहत असून ते तिला पाहत नव्हते.

"राहू दे बाळ," ते म्हणाले. "तू इथंच राहा. इथं पदवी कर, बीएड कर. लई चांगली शिक्षिका होशील."

तिनं डोळे पुसले. "ऑनर्सला जाऊ नको?"

"नको."

तिनं मान हलवली आणि गेली. वही टेबलावरच राहिली. मी ती कपाटात ठेवली. तिची आई दवाखान्यात होती, हे मला सकाळीच कळलेलं होतं. सरांना ते सांगावं, असं मला तेव्हा सुचलं नाही. मी वर्तमानपत्रांवर शिक्के मारत होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी कपाट आवरायला काढलं तेव्हा ती वही सापडली. सर समोरच होते, मी त्यांच्यापुढं ठेवली. नंतर मी विसरूनही गेले. तासाभरानं मान वर केली तर सर तसेच बसलेले. डबा उघडलेला नव्हता.

"मॅडम, इकडं या."

वहीत पान न् पान भरलेलं होतं. एका ठिकाणी तिनं आडवी काट मारून बाजूला लिहिलं होतं, 'हे का चालत नाही?' आणि पुढची सहा पानं, ते का चालत नाही याचाच शोध होता.

"मी दिलेला प्रश्न तिनं सोडवला न्हाई," सर म्हणाले. "त्याच्यापेक्षा चांगला प्रश्न काढला. दवाखान्यात बसून. आणि मी हे उघडलंच न्हाई." दवाखान्याचं मी वही देताना त्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कुंभारीला जायचंय. येता का? एकट्याला धीर होत न्हाई."

आम्ही बसनं गेलो. एकसारखी घरं, एकसारख्या गल्ल्या. दोन ठिकाणी विचारावं लागलं. लावण्याची आई उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. फार वाळलेली दिसत होती. सरांना पाहून लावण्या आतून धावत आली. त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. वही हातात धरून उभेच राहिले.

"तुझ्या आईला सांग, मी चुकलो."

"सर, असं नका म्हणू की."

"सांग तू. शब्दाला शब्द सांग."

तिनं खाली मान घालून तेलुगूत सांगितलं. आईचे हात थांबले.

"सांग, मी वही न वाचताच निकाल दिला."

तिनं तेही सांगितलं.

"सांग, ही पोरगी माझ्यापेक्षा लई पुढं जाईल."

हे मात्र लावण्यानं सांगितलं नाही. आईनं दोनदा विचारलं, काय म्हणतात म्हणून. मग आईच बोलायला लागली, बराच वेळ, मध्येच थांबून दम घेत.

"आई म्हणते," लावण्या म्हणाली, "ती फार आजारी होती. मी जवळ होते म्हणून उठली. सर नको म्हणाले नसते तर पोरगी गेली असती आणि मी मेले असते. सरांनी वाईट वाटून घेऊ नये. चहा घ्यावा."

सरांनी चहा घेतला. परतीच्या बसमध्ये दोघांची तिकिटं त्यांनीच काढली. मग म्हणाले, "चांगल्या बाई आहेत. पण तेव्हा त्यांचं आजारपण मला कुठं ठाऊक होतं? त्यांच्यासाठी काय मी नको म्हणालो नव्हतो. मी घाबरलो होतो, मॅडम."

जागा गेलेलीच होती. लावण्यानं पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवलं. त्या वर्षी सर निवृत्त झाले, तरी रोज दुपारी बसनं येऊन तिला शिकवायचे. त्या दुपारी मी पाहिल्या आहेत. सर तिला शिकवत होते असं म्हणणंही बरोबर नाही. ती फळ्यावर काहीतरी मांडायची, सर खुर्चीत पुढं सरकून पाहत राहायचे, आणि चेहऱ्यावर असा आनंद असायचा की मी दुसरीकडं पाहायची.

त्याच वर्षी ते विसरायला लागले. तीच ओळ दोनदा लिहायचे. एकदा डबा खाऊन झाल्यावर पुन्हा डबा शोधू लागले. एकदा तिला निखिल म्हणाले. ती "हो सर" म्हणाली आणि पुढं मांडत राहिली. ही गोष्ट माझ्याआधी तिच्या लक्षात आली होती. तिनं मला नंतर सांगितलं की सर विसरत आहेत हे त्यांना कळू नये म्हणून ती मुद्दाम हळूहळू सोडवायची.

तिची पुन्हा निवड झाली. निघताना पाया पडायला आली तेव्हा सर म्हणाले, "दर रविवारी फोन कर. छान चाललंय म्हणू नकोस. काय येत न्हाई, ते सांग." ती वर्षभर करत राहिली. काय येत नाही ते सांगायची. पहिल्या परीक्षेत दोन विषयांत नापास झाली, तेही तिनं त्यांनाच पहिल्यांदा सांगितलं. नंतर नंतर सर फोनवर ऐकून घ्यायचे, आणि विचारायचे, "कोण बोलतंय?"

गेल्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, दार उघडलं. हळू आवाजात म्हणाल्या, "ओळखतील असं न्हाई हं. मलाबी कधी कधी विचारतेत, तुमचं गाव कुठलं म्हणून. त्या सात रस्त्याच्या पोराचं मी नाव काढलं, तर म्हणाले, कोण निखिल? जीव टाकला होता हो त्याच्यासाठी. तेबी गेलं. एकच राहिलंय बघा डोक्यात. तेच दिवसातनं दहांदा."

सर व्हरांड्यात खुर्चीत बसले होते. बंडी, लुंगी, दाढी नीट केलेली. खांदे उतरले होते. आम्हाला पाहून हात जोडले, परक्या माणसाला जोडावेत तसे. लावण्या त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"तुम्ही कॉलेजात असता का?" त्यांनी तिला विचारलं.

"होते सर."

"तिथं एक पोरगी होती. कुंभारीची." त्यांचे हात एकमेकांत अडकले. "तिला मी नको म्हणालो. तिची वही वाचली न्हाई. न वाचताच नको म्हणालो."

काकू म्हणाल्या, "बघा, सुरू झालं."

लावण्यानं खुर्ची पुढं ओढली. "ती गेली सर."

"कुठं?"

"हैदराबादला. ऑनर्सला."

"मी तर नको म्हणालो होतो की."

"नंतर तुम्ही तिच्या घरी आला होता. तिच्या आईशी बोललात. मग तुम्हीच तिला पाठवलंत."

"हौदा? खरंच?" त्यांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी मान हलवली. "जमतंय का तिला?"

"कधी जमतंय, कधी नाही. पण तिला परत यावंसं वाटत नाही सर."

सर मागं टेकले. चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसला. डोळे मिटून घेतले. "मग बरं झालं," म्हणाले. थोड्या वेळानं डोळे उघडून तिला विचारलं, "तुम्ही ओळखता तिला?"

"हो सर. एकाच वर्गात आहोत."

आम्ही चहा घेतला, उठलो. फाटकापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो, ऐका की."

आम्ही वळलो. सर खुर्चीचे हात धरून अर्धे उठले होते. चेहरा पुन्हा तसाच झाला होता, घाबरलेला.

"तुम्ही कॉलेजात असता का? तिथं एक पोरगी होती. कुंभारीची."

लावण्यानं माझ्या हातात पिशवी दिली. परत गेली, पायरीशी चपला काढल्या आणि त्याच खुर्चीत जाऊन बसली. मी फाटकाशी उभी होते. तिथून सरांचे शब्द नीट ऐकू येत नव्हते. तिचे येत होते.

"ती गेली सर," ती सांगत होती, पहिल्यांदाच सांगावं तसं. "हैदराबादला गेली."